लाल फडक्यातलं पान

पोथीचं पान खाली ठेवायचं, त्याच्यावर लाकडी फळी, फळीवर दोन्ही पंजे. मग चष्मा कपाळावर सरकवून समोरच्या माणसांकडे एकवार बघायचं आणि म्हणायचं, "आज इथंच थांबू. गडी जिता हाय."

समोरून उत्तर यायचं, "हाव, जिता हाय!"

जागा मारुतीच्या देवळाचा पत्र्याचा मंडप. दिवस घटस्थापनेपासून खंडेनवमीपर्यंतचे नऊ, वेळ दुपारी तीन ते चार. पहिले आठ दिवस हे वाक्य सोपं असायचं, कारण पुढचं उद्या वाचायचं असे. नवव्या दिवशी पोथी संपायला एकच पान उरायचं आणि तरीही पोथी वाचणारे हेच म्हणायचे. पोथीतल्या कुंवराचा पाय रिकिबीत, घोड्याचं तोंड मोहिमेच्या वाटेकडे. इथंच थांबू. उरलेलं पान लाल फडक्यात वेगळं बांधलेलं होतं. ते गावात कधीच वाचलं गेलं नव्हतं.

लोह्याहून अहमदपूरकडे येताना एका फाट्यावर उतरलं की तीन किलोमीटर आत हे गाव आहे. पोथी वाचणाऱ्यांना सगळं गाव गुरुजी म्हणायचं, मीही म्हणायचो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, अंगानं बारीक, सदरा नेहमी पांढरा. पोथी त्यांच्या घरात पिढ्यांपासून होती आणि ती वाचण्याचं कामही.

मी लातूरच्या एका दैनिकात बातमीदार आहे. पोथीची बातमी करायला गेलो, ओळख तिथून. पोथीबद्दल खात्रीनं सांगता येतं तेवढं सांगतो. जाड, घोटीव कागदाची सुटी पानं. अक्षर जुन्या वळणाचं देवनागरी, भाषा जुनी मराठी, मधूनमधून दखनी. बहुतेक पानांवर चित्र आहे. हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा आणि कुंवराच्या डोक्याभोवती सोन्याचा वर्ख. कुंवर म्हणजे या भागातल्या कुठल्याशा लहान गढीच्या राजाचा मुलगा. इतिहासाच्या पुस्तकांत तो मला सापडला नाही. पोथीत तो नवव्या वर्षी घोड्यावर बसतो, तेराव्या वर्षी पहिली लढाई पाहतो, विसाव्या वर्षी एका किल्ल्यावर चालून जातो. पोथी किती जुनी, याची तीन जाणकारांनी मला तीन उत्तरं दिली. गुरुजींचं चौथं होतं. "मपल्या बापाच्या बापाच्या लई आधीची."

माझ्या बातमीचा मथळा होता, 'सोन्याच्या शाईतील पोथी'. तिसऱ्या दिवशी गुरुजी ते कात्रण घेऊन एसटीनं लातूरला आले. माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि कात्रणावर बोट ठेवून म्हणाले, "चित्राला सोनं हाय. लिव्हणं साध्या काळ्या शाईचं हाय. दुरुस्ती छापा."

"गुरुजी, एवढ्यासाठी आलात?"

"मंग? खोटं वाचून लोक बघाया येतील. आन् काळी शाई बघून म्हणतील, गुरुजीनं सोनं खरवडून खाल्लं."

दुरुस्ती छापली. त्या दिवसापासून मी त्यांचा 'बातमीवाले' झालो.

शेवटच्या पानाचा एक फोटो मिळावा म्हणून मी पुढची तीन वर्षं मागे लागलो होतो. दर वेळी उत्तर एकच. "कामून मारता त्याला?"

"गुरुजी, माणूस मरून काही शतकं झाली."

"तुमच्याकडं झाली असतील. ह्या गावात त्याला मेलेला कुणी पाह्यला न्हाई. तुम्ही छापलं की सकाळी चहासंगं सगळे बघतील."

रीत अशी होती की शेवटचं पान फक्त पोथी वाचणाऱ्याला ठाऊक असायचं. तो वाचायचा थांबला की पुढच्या वाचणाऱ्याला ते उघडून दाखवायचा आणि मग दोघांनीही त्यावर बोलायचं नाही. गुरुजींच्या वडिलांची नजर गेली तेव्हा त्यांनी गुरुजींना दाखवलं. गुरुजी तेव्हा तीस वर्षांचे होते.

गावानं मात्र आपापली शेवटची पानं तयार केली होती. रोज पहिल्या रांगेत बसणाऱ्या सोजरबाई सांगायच्या की कुंवराला शंभर बाण लागले आणि तरी तो पडला नाही. फाट्यावरच्या हॉटेलवाल्याच्या मते त्याला दगा झाला, जेवणातून. गुरुजी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आसंल."

तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर तुमच्या डोळ्यांत आधी पोथी भरली नसती. भरला असता तो सदऱ्याच्या खिशातला थर्मामीटर. निवृत्त शिक्षकाच्या खिशाला पेन असतो. यांच्या खिशाला पाऱ्याचा थर्मामीटर होता, प्लास्टिकच्या नळीतला. कुणी शिंकलं, कुणी डोक्याला फडकं बांधून बसलेलं दिसलं की नळी बाहेर यायची. मनगटाचे तीन झटके, पारा खाली, आणि हुकूम. "जिभंखाली धरा. बोलायचं न्हाई."

"गुरुजी, ताप न्हाई मला."

"तोंडानं माणूस खोटं बोलतं. पारा बोलत न्हाई."

शाळेत असताना ते हजेरीच्या आधी पोरांच्या कपाळांना हात लावत फिरायचे, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. एकदा अहमदपूरच्या बस स्टँडवर चालकाचे डोळे लाल दिसले म्हणून त्यांनी सुटायला निघालेली गाडी थांबवली. मी त्याच गाडीत होतो. प्रवासी ओरडायला लागले. चालक तोंडात नळी धरून मुकाट बसला, कारण तो त्यांचाच विद्यार्थी होता. ताप निघाला नाही.

"झालं का समाधान? सोडू का गाडी?"

"सोड. पर लोह्याला पोचल्यावर परत लावू."

सोजरबाई त्यांना भर मंडपात चिडवायच्या. "गुरुजी, मपली म्हैस दोन दिस झाले रवंथ करंना. तिला बी लावा की तुमची नळी."

"आणा. पर जिभंखाली धरील का, ते तिला इचारून या."

मंडप हसायचा. मीही हसायचो. एका रविवारच्या सदरात या थर्मामीटरवर मी गमतीचा मजकूर लिहिला आणि तो लोकांना आवडलाही. प्रत्येक गावात असं एखादं निरुपद्रवी खूळ असतं, अशी त्याची सुरुवात होती. गुरुजींनी ते कात्रण वाचलं, घडी केली आणि पहिल्यांदाच दुरुस्ती मागितली नाही.

त्यांची मुलगी रोहिणी. पत्नी तिच्या बाळंतपणात गेल्या, तेव्हापासून घरात दोघंच. पोथी पुढे रोहिणीच वाचणार हे ठरलेलं होतं. बाईमाणसानं वाचावी का, असा प्रश्न गावात एकदा निघाला. गुरुजींनी विचारलं, "तुमच्यात हे अक्षर कुणाला वाचता येतं? त्यानं यावं." कुणी आलं नाही.

ती लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची आणि मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. नवरात्रात दोन दिवस रजा काढून यायची. कुंवर आईचा निरोप घेतो ती पानं तिच्याकडे असत. ती वाचायला लागली की बाया पदर डोळ्यांना लावायच्या आणि मागे बसलेल्या गुरुजींचे ओठ तिच्याबरोबर हलायचे. एखादा शब्द तिनं गाळला तर ते खाकरायचे. ती मान न वळवता म्हणायची, "दिसला अण्णा, दिसला," आणि मागे जाऊन वाचायची.

शेवटच्या पानावरून ती त्यांना छळायची. "मला काय वाटतं, त्या फडक्यात काहीच नाही. कोरं पान आहे. तुम्ही सगळे नुसता भाव खाता."

"मी थांबलो की दाखवीन."

"आणि तुम्ही थांबणार कधी?"

"तुला घाई हाय का बापाला बसवायची?"

गुरुजींचा तिला रोजचा फोन संध्याकाळी सहाला यायचा. ती मी मागितलेली पोथीच्या पानांची नक्कल टाईप करून द्यायला माझ्या कार्यालयात यायची, तेव्हा मी तो दोन-तीनदा ऐकला आहे. तिकडून पहिला प्रश्न काय येतो हे तिच्या उत्तरावरून कळायचं. "नाही ताप, अण्णा. आधी जेवलीस का ते विचारा. माणसं तसं विचारतात."

भाद्रपदात एका सोमवारी ती आली. पानांचा शेवटचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली. डोळे लाल होते, ओढणी अंगाभोवती घट्ट होती. कागद घेताना तिच्या बोटांचा चटका लागला. मी म्हणालो, डॉक्टरकडे जा, आणि गुरुजींना कळव.

"जाते. पण अण्णांना बोलू नका तुम्ही. तुम्हाला माहीत आहे ना त्यांचं. गाडी करून येतील, सगळी गल्ली गोळा करतील. मेडिकलमधून गोळी घेतलीय. दोन दिवसांत उतरेल."

नाही सांगणार, मी म्हणालो. तिच्या पिशवीतला फोन तेव्हाच वाजला. सहा वाजले होते. ती माझ्याकडे बघून हसली, फोन कानाला लावला आणि म्हणाली, "नाही ताप, अण्णा."

मी त्यांचा नंबर लावला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही ते खूळच वाटत होतं.

बुधवारी दुपारी तिच्या मैत्रिणीनं तिला रिक्षातून रुग्णालयात नेलं. संध्याकाळी गुरुजी आले. मी पोहोचलो तेव्हा ते स्टुलावर बसले होते आणि रुमालाच्या पट्ट्या स्टीलच्या वाटीत बुडवून तिच्या कपाळावर ठेवत होते. पट्टी तापली की काढायची, पिळायची, दुसरी ठेवायची. सिस्टर म्हणाल्या, बाबा, औषध चालू आहे, तुम्ही जरा पडा. ते म्हणाले, "हाव," आणि पट्टी बदलली. थर्मामीटर खिशातच होता. त्यांनी तो लावला नाही.

डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की दोन दिवस आधी यायला हवं होतं. ते ऐकून त्यांनी मान हलवली. ही गोष्ट त्यांना नवी नसावी अशी हलवली, हे मला तेव्हाही दिसलं होतं. का, ते कळलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे रोहिणी गेली. सत्तावीस वर्षांची होती.

त्या वर्षी घटस्थापना तेराव्यानंतर थोड्याच दिवसांनी आली. घरात दुखवटा, वर्षभर सण नाही; गावातली चार माणसं जाऊन सांगून आली की यंदा पोथी काढू नका. गुरुजी म्हणाले, "काढणार." पहिल्या दिवशी ते पोथीचं बासन डोक्यावर घेऊन देवळात आले तेव्हा मंडपात मोजून अकरा माणसं होती. निरोपाची पानं या वेळी त्यांनीच वाचली. एका ठिकाणी ते खाकरले, मागे जाऊन तो शब्द पुन्हा वाचला, आणि पुढे गेले.

खंडेनवमीला मी गेलो. मंडप भरला होता. बहुतेक लोक पोथीपेक्षा त्यांना बघायला आले असावेत. कुंवराचा पाय रिकिबीत पडला. पान खाली, फळी, पंजे. चष्मा कपाळावर गेला. सगळे त्यांच्या वाक्याची वाट बघत होते.

चष्मा पुन्हा डोळ्यांवर आला आणि त्यांनी लाल फडक्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. त्यांनी ती दातांनी सोडवली.

"गुरुजी," सोजरबाई म्हणाल्या, "नका. आमचा हाय तो."

"मपला बी होता," गुरुजी म्हणाले, आणि वाचायला लागले.

मजकूर लहान होता. माझ्या वहीत तो पूर्ण आहे. दोन ओळी देतो. 'किल्ला घेतला. वाटेस कुंवरास ज्वर आला. कोणास न सांगितला. म्हणे, सांगता कटक राहील.' सैन्य थांबेल, बाप गढी सोडून धावत येईल, म्हणून त्यानं चार दिवस ताप लपवला. पाचव्या दिवशी त्याला घोड्यावरून खाली काढावं लागलं, आणि तंबूतच तो गेला. बाण नाही, दगा नाही, लढाई तर तो जिंकलेलाच होता.

वाचून झाल्यावर त्यांनी पान दोन्ही हातांत धरून मंडपाकडे केलं. तंबू, आत आडवा झालेला कुंवर, बाहेर जीन घातलेला घोडा. उशाशी एक म्हातारा, त्याच्यासमोर पाण्याचं निळं भांडं, त्याचा तळहात मुलाच्या कपाळाकडे नेलेला. सगळ्या पोथीत कुंवराच्या डोक्याभोवती सोनं आहे, या पानावर नाही. कपाळावरचा रंग उडून खालचा कागद दिसत होता. हे पान आजवर फक्त वाचणाऱ्यांनी हाताळलं होतं. त्यांची बोटं तिथं फिरली असणार.

मंडपातून माणसं उठायला लागली. काही पाठ फिरवून गेली. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "देवळात बसून मारला की हो त्याला."

गुरुजी शाळेत बोलत असतील तशा आवाजात म्हणाले, "बसा जरा. मपल्या बापानं मला हे दाखिवलं, तवापास्नं मी तुमचा ताप मोजून राहिलो. तुम्ही हसला. हसणारच, तुम्हाला ठावं नव्हतं. मपल्या लेकीला बी ठावं नव्हतं. रीत होती. तिला वाटलं, बापाला खूळ हाय." त्यांनी हातातल्या पानाकडे बघितलं. "हे पान तिनं वाचलं असतं, तर तिनं मला फोनवर खरं सांगितलं असतं. एवढंच हाय."

सोजरबाई नातीला कडेवर घेऊन पायरीपर्यंत गेल्या होत्या. तिथं त्या थांबल्या. आमच्याकडे त्यांची पाठ होती. त्यांनी उलटा हात उचलला, नातीच्या कपाळाला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग मंडपात मागे बसलेल्या एका बाईनं मांडीवरच्या पोराच्या कपाळाला हात लावला. मग आणखी एकीनं.

गुरुजींनी पान ठेवलं, या वेळी इतर पानांच्या खाली. बासन बांधलं. लाल फडक्यानं डोळे पुसले आणि ते खांद्यावर टाकलं.

ते त्यांचं शेवटचं वाचन ठरलं. पुढच्या आषाढात ते गेले, घरी, झोपेत. शेजाऱ्यांनी फोन केला तेव्हा मी विचारलं, ताप होता का? नव्हता. बातमी मीच दिली. चार ओळींची, आतल्या पानावर. नाव, वय, नोकरी, पोथी. पोथी गावातच आहे. आता शाळेतल्या एक तरुण बाई ती रोहिणीनं टाईप केलेल्या नकलेवरून वाचतात, आणि शेवटचं पान माझ्या वहीतून उतरवून दिलेल्या मजकुरावरून. "हाव, जिता हाय," असं आता कुणी म्हणत नाही.

त्या खंडेनवमीची एक गोष्ट मी कुठेच लिहिली नव्हती. मंडप रिकामा झाल्यावर गुरुजी मला फाट्यापर्यंत पोचवायला आले. तीन किलोमीटर आम्ही चालत गेलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढणीला आलेलं होतं. फाट्यावर गाडीची वाट बघताना मी त्यांना सांगितलं की सोमवारी ती माझ्यासमोर बसली होती. तिला ताप होता हे मला माहीत होतं. तुमचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

लांबून लातूरची गाडी दिसायला लागली. मला वाटलं, ते आता काहीही बोलणार नाहीत, आणि ते बरोबरच होईल.

"बातमीवाले," ते म्हणाले, "डोळे लाल दिसून राहिले तुमचे."

"उन्हानं."

त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. मग त्यांनी तोच हात वर आणला आणि माझ्या कपाळावर ठेवला. तळहात खरखरीत होता, थंड होता. गाडी येऊन थांबली, कंडक्टरनं दार उघडलं, तरी त्यांनी तो काढला नाही.

"ताप न्हाई," ते म्हणाले. "जावा आता."